नवी गाडी: ऑइल कधी बदलायचं आणि बाहेरचे लोगो, अक्षरं रंग न दुखावता कशी काढायची

नवी गाडी घेतलेले लोक ऑइल बदलायला नको तितकी घाई करतात आणि डिकीवरची अक्षरं काढायची असतील तर नको तितका उशीर करतात, असं मी वारंवार पाहिलंय. खरं तर हे उलटं हवं. कारखान्यातून भरून आलेलं ऑइल पहिले काही हजार किलोमीटर आपलं काम करत असतं, ते त्याला करू द्यावं. अक्षरांच्या आजूबाजूचा रंग मात्र पहिल्या दिवशी जसा असतो तसा पुढे राहत नाही. म्हणून अक्षरं काढायचीच असतील तर लवकर काढलेली बरी. ही दोन्ही कामं पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आधी ऑइलचं पाहू, कारण तिथली चूक थेट इंजिनाला भोवते.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये आत काय चालतं

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात होनिंग करताना, म्हणजे भिंत बारीक घासून मापाला आणताना, तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. त्या रेघांत ऑइल टिकून राहतं. पिस्टनच्या रिंगा सुरुवातीला या रेघांच्या उंचवट्यांवर घासल्या जातात आणि हळूहळू भिंतीशी नीट बसतात. रिंग चांगली बसली की वायू खाली गळत नाही आणि ऑइल वर जाऊन जळत नाही. हे बसणं बहुतांशी पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरमध्येच होतं.

या काळात धातूचे अगदी सूक्ष्म कण सुटतात. मोठे कण फिल्टर धरतो, त्याहून बारीक ऑइलबरोबर फिरत राहतात. जोडणीच्या वेळी बेअरिंगला आणि कॅमला लावलेलं वंगणही त्यातच मिसळतं. 'पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला काढून टाका' हा सल्ला यातूनच आला आणि जुन्या इंजिनांसाठी तो योग्यही होता. तेव्हा यंत्रकाम आजच्याइतकं अचूक नव्हतं, कण जास्त सुटायचे आणि ऑइलची प्रतही साधी होती. आज भाग जास्त बारकाईने घासून-तासून येतात, जोडणीआधी धुतले जातात आणि फिल्टरही सुधारलेत. म्हणून बहुतेक कंपन्या पहिलं ऑइल नेहमीच्याच मुदतीला बदलायला सांगतात. होंडासारख्या कंपनीने तर कारखान्यातलं ऑइल वेळेआधी काढू नका असंच सांगितलेलं आहे. याच्या उलट उदाहरणही आहे. बीएमडब्ल्यूच्या 'एम' श्रेणीतल्या गाड्यांना २,००० किलोमीटरच्या आसपास रनिंग-इन (नवं इंजिन बसण्याच्या काळानंतरची) सर्व्हिस ठरलेली असते आणि तीत ऑइल बदलतात. एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका असं मी सांगतो ते यामुळेच. तुमच्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते पाहा.

या दिवसांत ऑइल बदलण्यापेक्षा गाडी कशी चालवता याने जास्त फरक पडतो. पुस्तिकेत 'रनिंग-इन' किंवा 'ब्रेक-इन' असं पान असतं, ते वाचा. साधारण सगळीकडे सांगणं एकच असतं: पहिले हजार किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, तासन् तास एकाच वेगाने जाऊ नका, मागे ट्रेलर ओढू नका आणि इंजिन थंड असताना जोर लावू नका. वेग थोडा कमी-जास्त होत राहिला की रिंगांवरचा दाब बदलत राहतो आणि त्या चांगल्या बसतात. उलट अतिजपूनही उपयोग नसतो. दुचाकीच्या मागून रांगत, वरच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत चालवणं हेही वाईटच. ब्रेक पॅड आणि टायरनाही बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तेवढ्यात जोराचा ब्रेक शक्यतो टाळा.

मुदत ठरवायची कशी

पुस्तिकेत दोन आकडे असतात, किलोमीटर आणि महिने. त्यातला जो आधी येईल तो धरायचा. आजच्या सिंथेटिक ऑइलवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांना १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ही मुदत सर्रास दिसते. काही गाड्यांना त्याहून कमी असते, तर लाँग लाइफ ऑइलवरच्या काही गाड्यांना दोन वर्षांपर्यंत.

महिन्यांचा आकडा अनेकांना फसवतो. 'गाडी वर्षभरात तीन हजारच चालली, मग ऑइल कशाला बदलायचं?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. थोडी-थोडी चालणारी गाडीच ऑइलला जास्त जड जाते. इंजिन जाळतं त्या इंधनातून पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतो. इंजिन नीट तापलं तर ती वाफ उडून जाते. दोन-चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर ती तिथेच राहते. न जळलेलं पेट्रोलही असंच ऑइलमध्ये मिसळतं. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत हे जास्त होतं. पाणी, इंधन आणि ज्वलनातले आम्ल पदार्थ एकत्र आले की ऑइलमधली संरक्षक द्रव्यं लवकर संपतात.

बहुतेक पुस्तिकांत आणखी एक तक्ता असतो आणि तो कुणी वाचत नाही. त्यावर 'कठीण परिस्थिती' असं लिहिलेलं असतं. ८ किलोमीटरपेक्षा छोट्या फेऱ्या, तुंबलेल्या रहदारीत तासभर चालू राहणारं इंजिन, धुळीचे रस्ते, चढणीचे घाट, जड ओझं, कडक थंडी किंवा कडक ऊन. यातलं काही तुमच्या रोजच्या वापरात असेल तर मुदत जवळपास निम्मी होते. प्रामाणिकपणे हा तक्ता वाचला तर शहरात गाडी चालवणारे बरेच जण 'कठीण'मध्येच मोडतात. माझ्या मते नवख्या माणसाने ऑइलच्या ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा या तक्त्याला दहा मिनिटं द्यावीत.

काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं. बहुतेक गाड्यांत त्यामागे ऑइल तपासणारं उपकरण नसतं. इंजिन किती फिरलं, किती तापलं, किती थंड सुरुवाती झाल्या यावरून संगणक हिशेब मांडतो. हा हिशेब चांगला असतो, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन गोष्टी मात्र त्याला कळत नाहीत: तुम्ही कोणतं ऑइल भरलं, आणि ऑइलची पातळी किती आहे. बऱ्याच जणांना टक्के आणि पातळी एकच वाटतात, तसं नाही. ऑइल बदलल्यावर हा आकडा रीसेटही करावा लागतो, नाहीतर पुढची सूचना चुकीच्या वेळी येते.

आता लवकर बदलण्याबद्दल. पुस्तिकेने सांगितलेलं नसतानाही पहिलं ऑइल लवकर काढावं का? यावर माझं मत असं: योग्य ग्रेडचं ऑइल भरलं तर इंजिनाचं नुकसान होत नाही. पण शंभर-दोनशे किलोमीटरला ते काढण्यात काहीच हशील नाही, रिंगा अजून बसतच असतात. मनाला अगदीच चैन पडत नसेल तर रनिंग-इन संपल्यावर, दीड ते पाच हजार किलोमीटरच्या दरम्यान एकदा जास्तीचा बदल करा आणि बिल जपून ठेवा. त्यामुळे कंपनीची ठरलेली सर्व्हिस चुकवायची नाही. नव्या इंजिनात फ्लश (आतून धुणारं द्रव) किंवा बाटलीतली 'इंजिन वाचवणारी' द्रव्यं मुळीच घालू नका, ऑइलमधल्या द्रव्यांचं प्रमाण त्याने बिघडतं.

हायब्रिड गाडीत इंजिन मधूनमधून बंद होतं आणि बराच वेळ थंडच राहतं, तेव्हा तिच्या बाबतीत महिन्यांची मुदत काटेकोर पाळा. पूर्ण विजेवरच्या गाडीत इंजिन ऑइल नसतंच, तुम्ही थेट अक्षरांकडे वळा.

ग्रेड वाचायला शिका

डब्यावर ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, आकडा जितका लहान तितकं ते थंड इंजिनात चटकन वरपर्यंत पोहोचतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो याचा. 'जरा दाट ऑइल घाला, इंजिन टिकेल' असा सल्ला मिळेल, तो नव्या गाडीत मानू नका. आजच्या इंजिनांतल्या फटी, ऑइलचा पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळं ठरावीक दाटपणासाठी बेतलेलं असतं.

ग्रेडइतकंच महत्त्वाचं असतं मानक. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं 'एसपी' हे मानक २०२० मध्ये आलं. छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर होणाऱ्या अकाली स्फोटापासून संरक्षण ही त्यातली एक कसोटी आहे. धूर गाळणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, चुकीचं घातलं तर तो महागडा फिल्टर चोंदतो. पुस्तिकेतला ग्रेड आणि मानक दोन्ही फोनमध्ये लिहून ठेवा.

काडी काढून पाहणं

हे नव्या गाडीत दर हजार किलोमीटरला करा, कारण रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जळू शकतं. गाडी सपाटीवर उभी करा. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरेल. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काडी, काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या काडीवरचं कधीच धरू नका. पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. म्हणजे काडी अर्ध्यावर असेल तर अर्ध्या लिटरहून जास्त ओतू नका. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला आधार देत नाही. कमी ऑइलइतकंच जास्त ऑइलही वाईट.

रंगावरून घाबरू नका. ऑइल काळं होणं म्हणजे ते काजळी स्वतःत धरून ठेवतंय, जे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं दिसतं. काळजी करावी ती दुधाळ कॉफीसारख्या रंगाची, पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर, किंवा पातळी आपोआप वाढत असेल तर. तेव्हा गाडी दाखवून घ्या.

स्वतः बदलायचं असेल तर

वॉरंटीच्या काळात हे काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्यावं असं मला वाटतं. तरी कधीतरी शिकायचं असतंच, म्हणून सांगतो.

इंजिन कोमट करा. उकळतं ऑइल हात भाजतं आणि गार ऑइल नीट निथळत नाही, दहा मिनिटं चालवून थोडी थांबवलेली गाडी उत्तम. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकने उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा जाऊ नका. या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

वरचं झाकण आधी सैल करा म्हणजे हवा मिळून ऑइल मोकळं वाहील. खाली भांडं ठेवा आणि चेंबरचा ड्रेन बोल्ट काढा. तो ऑइलचाच आहे ना, हे नीट पाहा. नवखे लोक गिअरबॉक्सचा बोल्ट उघडून बसतात आणि गिअरबॉक्स कोरडा करून इंजिनात दुप्पट ऑइल भरतात. पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टखालचा वॉशर चेपून बसणारा असतो, तो दर वेळी नवा घाला. बोल्ट हाताने दोन-तीन आटे सरळ फिरू द्या आणि मगच पान्याने आवळा. किती आवळायचा तो आकडा पुस्तिकेत किंवा सर्व्हिस माहितीत असतो. चेंबर अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि जोर लावला की त्याचे आटे जातात. मग एका बोल्टपायी अख्खा चेंबर बदलावा लागतो.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटलेली नाही ना ते बोटाने चाचपून पाहा. एका ओळखीच्या गाडीत जुन्या रिंगेवर नवी बसली होती. घराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं, दाब वाढल्यावर दोन्ही सरकल्या आणि काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर आलं. दिवा लागताच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ऑइल लावा, फिल्टर हातानेच फिरवा आणि रिंग टेकल्यावर आणखी साधारण पाऊण फेरा द्या. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

ठरलेल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल ओता, झाकण लावा आणि गाडी अर्धा मिनिट चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. इंजिन बंद करा, खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर कोरडे आहेत का ते पाहा, थांबा आणि काडीवर पातळी बघत उरलेलं भरा. निघालेल्या ऑइलमध्ये उन्हात चमकणारी बारीक चंदेरी झाक पहिल्या बदलाच्या वेळी दिसू शकते. नखावर जाणवतील असे धातूचे तुकडे मात्र दिसता कामा नयेत. जुनं ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या. गटारात किंवा मातीत ओतलेलं एक लिटर ऑइल लाखो लिटर पाणी नासवू शकतं.

अक्षरं आणि लोगो: आधी काय काढायचं नाही ते ठरवा

मागचं मॉडेलचं नाव, इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं आणि विक्रेत्याने चिकटवलेला स्वतःचा बिल्ला, एवढं साधारणपणे बिनधोक काढता येतं. विक्रेत्याचा बिल्ला नको असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाडी ताब्यात घेण्याआधीच तो लावू नका असं लेखी सांगणं.

पुढच्या जाळीतल्या कंपनीच्या लोगोला हात लावण्याआधी थांबा. अनेक नव्या गाड्यांत समोरच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार नेमका त्याच लोगोमागे असतो आणि लोगोचं प्लॅस्टिक रडारच्या लहरी आरपार जाव्यात असं बनवलेलं असतं. तो काढला, रंगवला किंवा त्यावर फिल्म चढवली तर आपोआप लागणारा ब्रेक चुकू शकतो. मागचा लोगोही कधी डिकीचं हँडल असतो, कधी त्यामागे कॅमेरा दडलेला असतो. गॅस किंवा वीज दाखवणाऱ्या खुणाही राहू द्या. अपघातात मदतीला आलेले लोक त्यावरूनच गाडी कुठे कापायची नाही हे ठरवतात. दाराच्या चौकटीवरचं टायरच्या दाबाचं लेबल आणि चॅसी नंबरची पट्टी हे तर सजावटीचे भागच नाहीत. गाडी भाड्याने किंवा लीजवर असेल तर आधी विचारा.

दुसरा प्रश्न: बिल्ला चिकटवलेला आहे की खुंट्यांनी बसवलेला? सुटी अक्षरं बहुधा दुहेरी चिकट फोमच्या टेपवर असतात. गोल लोगोला मात्र मागे दोन-तीन खुंट्या असून त्या पत्र्यातल्या भोकांत जाऊ शकतात. असा लोगो काढला तर भोकं उघडी पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि पत्र्याच्या कडा गंजतात. कळायचं कसं? त्या सुट्या भागाचं मागच्या बाजूचं छायाचित्र शोधा, त्यात खुंट्या दिसतात. डिकीचं आतलं आवरण काढता येत असेल तर आतून बघा. तेही जमलं नाही तर लोगो दोरीने सोडवताना (पद्धत पुढे दिली आहे) ती एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडकली की थांबा, तिथे खुंटी आहे. ओढून तोडू नका.

लवकर का

कारखान्यात धातूच्या अंगावरचा रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, म्हणून गाडी हातात येते तेव्हा तो पूर्ण पक्का झालेला असतो. 'रंग बसेपर्यंत सहा महिने थांबा' हे नव्या गाडीला लागू नाही. ते लागू आहे अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या भागाला. तिथे काही आठवडे ते तीन महिने थांबावं आणि तरीही ओढताना धास्ती ठेवावी, कारण टेपबरोबर रंग सुटून येऊ शकतो. थांबण्याचा तोटा मात्र खरा आहे. ऊन आजूबाजूचा रंग हळूहळू फिकट करतं आणि धुताना पडणारे बारीक ओरखडे तिथे साचतात. अक्षराखाली रंग ताजाच राहतो. चार-पाच वर्षांनी अक्षरं काढली की त्यांची सावली पत्र्यावर वाचता येते. ती पॉलिशने कमी होते, पण नेहमीच पूर्ण जात नाही.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर द्यायचा संरक्षक थर) किंवा संरक्षक फिल्म लावणार असाल तर अक्षरं त्याआधीच काढा. फिल्म अक्षरांभोवती कापून बसवलेली असते, नंतर काढल्यास तिथे उघडा चौकोन राहतो.

काढायची पद्धत

लागतं ते थोडंच: हेअर ड्रायर, मासे पकडायचा तंगूस किंवा मेण लावलेला दातांचा फ्लॉस, रंगकामाची कागदी टेप, प्लॅस्टिकची पट्टी, चिकटा काढणारं गाडीच्या रंगाला चालणारं द्रव, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडं. लोखंडी पातं, स्क्रू ड्रायव्हर, थिनर, पेट्रोल आणि अ‍ॅसिटोन जवळपासही ठेवू नका. रंगाच्या वरचा पारदर्शक थर बहुतेक गाड्यांत ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. केसाहून पातळ अशा थरावर तुम्ही काम करताय, एवढं ध्यानात राहिलं की हात आपोआप हलका होतो.

गाडी सावलीत लावा आणि तो भाग आधी धुऊन कोरडा करा. ही पायरी टाळू नका, कारण धुळीचा एक कण दोरीखाली सापडला की चरा पडलाच. मग समोरून छायाचित्र घ्या. अक्षरं पुन्हा लावायची शक्यता असेल तर त्यांच्या खालच्या कडेला कागदी टेप सरळ लावा, तिच्यावर प्रत्येक अक्षराची सुरुवात आणि शेवट पेन्सिलीने खुणवा आणि टेपचं डिकीच्या कडेपासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा. दोरी जिथे रंगावर घासेल तिथेही टेपचे दोन थर द्या.

ड्रायर दहा-पंधरा सेंटीमीटरवरून सतत फिरवत एक-दोन मिनिटं ऊब द्या. पत्र्यावर हात दोन-तीन सेकंद टेकवता आला पाहिजे. हात चटकन मागे घ्यावासा वाटला तर जास्त तापलंय, थांबा. कारखान्यातली हीट गन नवख्याने वापरू नये, ती एकाच जागी रोखली तर रंगावर फोड येतो. बंपर किंवा प्लॅस्टिकची डिकी असेल तर ऊब आणखी कमी द्या.

आता तंगूसचा हातभर लांब तुकडा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, हातमोजे घाला नाहीतर दोरी बोट कापते. अक्षराच्या वरच्या कडेमागे दोरी सरकवा आणि करवतीसारखी डावी-उजवीकडे ओढत खाली आणा. दोरीचा ताण रंगाकडे नको, किंचित बाहेरच्या बाजूला, अक्षराच्या पाठीला लागून हवा. फोम कापला जात असल्याचं हाताला कळतं, भाकरीच्या पिठातून दोरा जावा तसं. अडकलं की जोर वाढवू नका, पुन्हा ऊब द्या. सुरुवातीच्या काळात मी एक अक्षर पट्टीने उचकटून काढायला गेलो. अक्षर मधोमध मोडलं आणि मोडक्या टोकाने रंगावर बोटभर रेघ ओढली. पॉलिश केल्यावरही ती तिरप्या उजेडात दिसायची. तेव्हापासून मी पट्टी फक्त शेवटच्या टोकाला, दोरी पूर्ण पार झाल्यावर, अक्षर हातात घ्यायला वापरतो.

अक्षर निघाल्यावर मागे फोम राहतो. बरेच जण इथे नखाने खरवडायला लागतात. त्याऐवजी पुन्हा थोडी ऊब द्या आणि अंगठ्याच्या पेराने फोम एका कडेकडून गुंडाळत न्या. कणकेची वळी निघावी तशा त्याच्या वळ्या निघतात. यात वेळ जातो, अंगठाही दुखतो, पण रंगावर काही उमटत नाही. उरलेल्या पातळ चिकट्यासाठी कापड द्रवात भिजवून त्या जागी एक-दोन मिनिटं टेकवून ठेवा आणि मग हलकेच पुसा. दोन-तीनदा करावं लागतं. द्रव आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून पाहिलेलं बरं. ड्रिलला लावायचं रबरी चाक बाजारात मिळतं. ते चिकटा पटकन काढतं, पण तितक्याच पटकन रंग तापवतं, म्हणून पहिल्या कामाला ते नकोच.

शेवटी अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडं करा. टॉर्च तिरपा धरून पाहा. हलक्या खुणा दिसल्या तर बारीक पॉलिश हाताने, थोड्याशा जागेत, हलक्या दाबाने करा आणि वर वॅक्स लावा. मॅट रंगाची गाडी असेल तर पॉलिशही नको आणि वॅक्सही नको, घासलेला भाग कायमचा चकचकीत होतो.

काढलेलं अक्षर पुन्हा लावताना जुना फोम पूर्ण साफ करून नवी फोम टेप त्याच आकारात कापून लावा. पत्रा अल्कोहोलने पुसलेला आणि कोमट असावा. जपलेल्या टेपच्या खुणांवर अक्षर टेकवा आणि सगळीकडून दाबून धरा. अ‍ॅक्रिलिक फोमच्या टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तेवढे दिवस गाडी जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. परत लावायची नसतील तरी अक्षरं फेकू नका. एका पाकिटात भरून, त्यावर मापं लिहून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. गाडी विकताना घेणारा ती मागू शकतो.